गोल की चौकोनी

११ नोव्हेंबर १९८६, मंगळवार

इतवारी आज पुन्हा आला. आला तो आला, आणि त्यानं आमच्या सुतारी कारखान्यात पाय ठेवताच हरिदासनं हातातला रंधा खाली ठेवला! मी आलो तर कधी ठेवत नाही. मी रोजच येतो म्हणा. पण तरी.

हा इतवारी अहेरीकडचा, जंगलातल्या गावचा. बल्लारशाला कुठल्याशा लाकूड कापायच्या आरामशीनवर होता म्हणे. मशीनमधलं सगळं समजतं म्हणे. म्हणे, म्हणे! गळ्यात लाल रुमाल, डोक्याला चपचपीत तेल, आणि उजवा हात कायम पँटच्या खिशात. साहेबच जणू. तहसीलदारसुद्धा एवढा वेळ खिशात हात घालून उभा राहत नाही.

हरिदास त्याला मागे घेऊन गेला, सागवानाच्या थप्पीकडे. बराच वेळ दोघं बोलत होते. मी पाणी प्यायच्या निमित्तानं गेलो तर गप्प! "काई नाई देवराव, असंच," हरिदास म्हणाला.

हा माणूस मला देवराव कधी म्हणतो? देवा म्हणतो. काही लपवायचं असलं की देवराव. माझं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

१२ नोव्हेंबर

इतवारीला कामावर ठेवलं. मला विचारलं नाही, सांगितलं.

१५ नोव्हेंबर

मशीन घ्यायचं नक्की झालं. हे तरी मला आधी माहीत होतं. बापूराव राइसमिलवाले नवीन घर बांधून राहिलेत आणि दारं, खिडक्या, चौकटी सगळं काम आमच्याकडे आहे, सगळं सागवानी. वडशात एवढं काम एका कारखान्याला कधी मिळालं नव्हतं. हातानं रंधत बसलो तर त्या घरात बापूराव नाही, त्यांची नातवंडं राहायला जातील. त्यात हरिदासचा खांदा. फळ्या सपाट करायचं काम पहिल्यापासून त्याचं. आताशा दोन फळ्या रंधल्या की भिंतीला पाठ टेकून बसतो, आणि मी पाहतो आहे असं दिसलं की उठतो.

गलता माझा. चौकटीच्या काठाला गोलाई आणि खाच काढतात ना, तो गलता. त्याचे रंधे वेगळे, पाती वेगळी, आणि हात तर वेगळाच लागतो. वडशापासून आरमोरीपर्यंत कुठल्याही बऱ्या घराच्या दारावरून बोट फिरवा, तिथे मी आहे. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. इथे लिहायला काय हरकत!

तर मशीन. नागपूरच्या दुकानदारानं पत्रक पाठवलं आहे. सांगाडा एकच, पण आतला ब्लॉक दोन तऱ्हेचा मिळतो. ब्लॉक म्हणजे मशीनच्या पोटात गरगर फिरतो तो लोखंडी ठोकळा. त्याला पाती आवळलेली असतात. वरून फळी सरकवली की छिलून निघते. एक ब्लॉक चौकोनी, एक गोल. चौकोनीच्या चारी अंगांना बोल्टनं पाहिजे ती पाती बसवता येतात – म्हणजे फळी सपाट होते, आणि घाटाची पाती लावली तर गलताही निघतो. गोलाला नुसती सरळ, पातळ पाती बसतात. फळी सपाट होते, बस्स. गलता नाही.

आता शहाणा माणूस कोणता घेईल? इतवारी म्हणतो गोल. आणि हरिदास मान हलवतो!

१७ नोव्हेंबर

खर्ऱ्याचं लिहू की नको? लिहितो.

जेवणानंतर हरिदास खर्रा घोटतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि फळीवर घासत बसायचं. पहिली चिमूट मला, मग त्याला. अहेरीला एकाच म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली आम्ही दोघं शिकलो, तेव्हापासूनचं हे आहे. कधी भांडण झालं तरी पहिली चिमूट मला. आज पन्नी उघडली आणि पहिली चिमूट इतवारीच्या हातावर! मग माझ्यापुढे केली. मी म्हणालो, दात दुखतो.

दात दुखत नाही.

१८ नोव्हेंबर

आजही दात दुखतो म्हणालो. हरिदासनं घरून लवंग आणली होती. ती चघळत बसलो. जीभ पोळली.

२० नोव्हेंबर

इतवारीनं आज तमाशा मांडला. दोन टाकाऊ तुकडे हरिदासकडून तासून घेतले, एक चौकोनी, एक गोल. दोघांच्या मधून खिळा घालून हरिदासलाच दोरीनं गरगर फिरवायला लावले. मग एक हात खिशातच ठेवून डाव्या हातानं भाताच्या तणसाची काडी हळूच जवळ नेली. चौकोनी तुकड्यानं काडी फाडकन उडवली. गोलानं नुसती घासली, टोक झिजलं. "पाहा भाऊ! चौकोनीचा कोपरा निघून गेला का मांगं खाली जागा रायते. त्या जागेत काडी घुसते, आन् दुसरा कोपरा येऊन मारते. गोलात जागाच नाई."

सगळे पाहत होते. बाजूच्या सायकलवाल्यानं दुकान सोडलं, हरिदास तर उकिडवाच बसला खाली.

मी म्हणालो, "आपल्याले फळ्या छिलाच्या हायेत, काड्या नाई." कुणी हसलं नाही. इतवारीच हसला एकटा, मोठ्यानं, आणि "खरं आहे देवरावभाऊ" म्हणाला. त्यामुळे जास्तच राग आला. समजूतदारपणा कुणी मागितला होता!

२३ नोव्हेंबर

आज इतवारीचा हात खिशाबाहेर निघाला. जड ओंडका थप्पीवरून उतरवायचा होता, डाव्या हातानं जमेना. अंगठा आहे, करंगळी आहे. मधली तीन बोटं नाहीत. जिथे होती तिथली कातडी ओढलेली आणि चकचकीत आहे.

मी पाहिलं हे त्यानं पाहिलं आणि स्वतःच सांगायला लागला, हसत हसत. बल्लारशाला गेली, चौकोनी ब्लॉकवर. "फळी आखूड होती. सटकली, आन् हात त्या खड्ड्यात गेला. गोल असता तं शेंडे गेले असते भाऊ, बोटं राह्यले असते. आता सातच्या वर मोजाचं कामच नाई मले!"

हरिदासनं त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. किती वेळ! डोळे भरून आले होते त्याचे.

आणि मला काय वाटलं? इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला वाटलं, माझा हात कधी असा धरला यानं? मागे पटाशी लागून माझा तळवा उघडा पडला, तेव्हा "चुना लाव" म्हणाला आणि पुन्हा रंधायला लागला. तुटलेल्या बोटांचाही हेवा वाटावा! मी माणूस आहे की कोण? पण वाटला. आता त्याला काय करू.

२४ नोव्हेंबर

गोल पक्काच समजायचा. एका बाजूला तीन बोटं, एका बाजूला मी.

२७ नोव्हेंबर

केसरबाईनं – हरिदासच्या बायकोनं – इतवारीसाठी वेगळा डबा पाठवायला सुरुवात केली. "एकटा मानूस, कुठी रांधत बसन," म्हणे. डब्यात वांग्याची भाजी. मला वांग्याची भाजी आवडते हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे! इतवारीनं अर्धी माझ्या पानात वाढली. खाल्ली. चांगली झाली होती.

३० नोव्हेंबर

रुखमानं विचारलं, "काऊन तोंड पाडून बसले?" सगळं सांगून टाकलं. वाटलं, बायको आहे, बाजू घेईल. तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. "सवत आणली का हरिदासभाऊनं तुमच्यावर?"

मी ताट सरकवलं. तिनं परत पुढे ओढलं, भातावर लाखोळीचं वरण घातलं, आणि मग म्हणाली, "पन मले एक सांगा. त्या चौकोनीवर गलता निघते, तं मंग तुमी काय करान?"

म्हटलं, मशीनच्या गलत्याला काय गलता म्हणतात? खडबडीत निघेल नुसता. बारीक काम माझ्याकडेच येणार. आणि मशीन चालवायला माणूस नको का?

"तुमी चालवान? तसं म्हनले का हरिदासभाऊ?"

या बाईला प्रश्न फार. मी वरण वाढायला सांगितलं.

६ डिसेंबर

बाबासाहेबांचा दिवस. कारखाना बंद. पांढरे कपडे घालून सगळे सकाळीच विहारात. मेणबत्ती लावली, वंदना सुरू झाली, आणि डोळे मिटणार तोच दारात कोण? इतवारी! तो आमच्यातला नाही, त्याचे देव वेगळे, डोंगरातले. पण आला, चपला काढून मागे भिंतीशी बसला. हरिदास उठला, मागे गेला आणि त्याला हाताला धरून पुढे घेऊन आला. बसवलं कुठे? माझ्या आणि त्याच्या मधे.

पंचशीलात पाचच गोष्टी आहेत. जळू नये ही त्यात नाही, मी आज नीट लक्ष देऊन ऐकलं. तरी घरी आल्यावर लाज वाटली. बाबासाहेबांच्या दिवशी तरी मन जरा मोठं ठेवायला हवं होतं.

९ डिसेंबर

आज मी जिंकलो!

बापूराव खिडक्यांची मापं द्यायला आले होते. विषय मीच काढला, मुद्दाम काढला. पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, तुम्ही एवढी मिल चालवता, तुम्हीच सांगा.

बापूरावांनी चष्मा वर केला. "म्हंजे चौकोनीवर दोनी कामं होते, आन् गोलावर एकच?"

"हो."

"मंग पुसाचं काय त्याच्यात? चौकोनी घ्या ना बाप्पा!"

हरिदास म्हणाला, "बोटाचा धोका आहे भाऊ."

"सावध राहाचं. माह्या मिलमंधी पट्टे नाई का फिरून राह्यले? म्हून काय उखळात भात कांडू?"

इतवारी काही बोलायला पुढे झाला. हरिदासनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो थांबला. त्यांचं हे डोळ्यांनी बोलणं मला सहन होत नाही! मी सरळ विचारलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं – "हरी, बोटं सोडून दुसरं काई कारन आहे का तुह्याजवळ? असन तं सांग ना."

हरिदासनं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि समोरच्या फळीवरचा भुसा हातानं पुसत राहिला. पुसून झाल्यावर म्हणाला, "गलता हातानंच बरा दिसते."

एवढंच! एवढं लेचंपेचं कारण! बापूराव हसले. "दिसाचं राहू दे. उन्हाळ्याच्या आत मले त्या घरात जाचं आहे. माह्यं काम करून राह्यले का नाई तुमी?"

"बरं," हरिदास म्हणाला. "देवा म्हंते तसंच करू."

देवा म्हंते तसंच! हे पुन्हा एकदा लिहितो. देवा म्हंते तसंच. इतवारी उभा होता, त्यानंही ऐकलं.

१० डिसेंबर

घरी जिलबी नेली. रुखमा म्हणाली, कशाची? म्हटलं, असंच.

१८ डिसेंबर

हरिदास काल नागपूरला जाऊन मशीन सांगून आला. चौकोनी.

आज इतवारी काम सोडून गेला. "त्या ब्लॉकाजवळ मी नाई उभा राहू शकत भाऊ. उरलेल्या बोटाइले भेव लागते." हसतच म्हणाला, पण खिशातला हात बाहेर काढला नाही. हरिदासनं त्याला थांब म्हटलं नाही. मला "येतो देवरावभाऊ" म्हणाला. मी "ये, ये" म्हणालो, तोंडभर. हरिदास त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेला आणि उशिरा परत आला.

जेवणानंतर पन्नी उघडली. पहिली चिमूट मला! घेतली. चव पहिल्यासारखी लागली का? लागली. थोडा चुना जास्त झाला होता.

२६ डिसेंबर

हे दिवस बरे जात आहेत. मशीन यायची आहे, इतवारी नाही, कारखान्यात आम्ही दोघं. तो सपाट करतो, मी गलता मारतो. रस्त्यावरून नाटकवाल्यांची जीप भोंगा वाजवत गेली की हरिदास त्यांची नक्कल करतो, पूर्वीसारखी.

आज देवघराचं एक दार पूर्ण झालं. तिहेरी गलता, मधे दोऱ्याएवढी खाच. लाकूड उलट्या रेषेचं होतं, चिरफळत होतं, पण हात जमला. हरिदास काम सोडून आला आणि त्या खाचेतून नख फिरवत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "असा आता कोन मारते, देवा?" म्हणाला. मी म्हणालो, मी मारतो ना. त्यावर तो हळूहळू आपल्या फळीकडे परत गेला. खांदा दुखत असेल त्याचा.

२ जानेवारी १९८७

मशीन आली! छोट्या लाइनीच्या मालडब्यातून, तणसात बांधून. स्टेशनापासून बैलबंडीवर आणली, मागे अर्धा वडसा. रंग हिरवा. हरिदासनं ओल्या फडक्यानं सगळी पुसली, पण तिच्याकडे नीट पाहत नव्हता. लग्नात रुसलेल्या सोयऱ्यासारखा चेहरा. माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून असेल.

सगळे गेल्यावर मी ब्लॉक हातानं फिरवून पाहिला. जड आहे. कोपरा वर येतो, जातो, आणि मागे खड्डा उघडतो. माझी चारी बोटं त्यात मावतात. घालून पाहिली आणि लगेच काढली.

५ जानेवारी

सुरू झाली. काय तो आवाज! दात हलतात. पण फळी घातली की पलीकडून आरसा निघतो, खोटं कशाला बोलू.

हरिदास एकटाच चालवतो. मी पुढे झालो तर अंगावर ओरडला, "दूर हो! तू हात नोको लावू!" सायकलवाल्यासमोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडला.

इतवारीला लावू दिला असता का हात? असं मनात आलं. तो तर केव्हाच गेला! आता मशीनचा हेवा करायचा का, देवराव?

दुपारी एक आखूड तुकडा ब्लॉकमध्ये अडकला आणि सुटला तो मागच्या कुडात जाऊन घुसला. हरिदासनं मशीन बंद केली. दोन्ही हात वर करून पाहिले. पाणी प्याला आणि पुन्हा सुरू केली. त्यानंतर मी त्याच्या हातांकडेच पाहत होतो.

११ जानेवारी

बापूरावांना मशीनसोबत आलेल्या पात्यांचा घाट पसंत पडला नाही. "हा नाई पायजे. देवरावच्या हातचा पायजे, माह्या भावाच्या दाराले आहे तसा." माझ्या हातचा! हरिदाससमोर म्हणाले, फार बरं वाटलं.

मग मीच युक्ती काढली. माझा गलत्याचा रंधा उचलला – अहेरीच्या मिस्त्रीनं दिलेला, पात्याचा घाट मी कानस मारून मारून बसवलेला, कुणाच्या हातात कधी न दिलेला – आणि गेलो लोहाराकडे. म्हटलं, यावरून मशीनची पाती घडव, हुबेहूब. तिथेच बसून राहिलो. त्याला ती दोऱ्याएवढी खाच जमेना, तर कानस मीच घेतली. संध्याकाळपर्यंत पाती तयार. रंधा आणि पाती शेजारी ठेवली तर फरक सांगता येणार नाही.

हरिदासला नेऊन दाखवली. वाटलं, पाठ थोपटेल. तो पाती हातात घेऊन नुसता उभा राहिला. "तूच केली?"

"मंग काय इतवारी करनार होता!"

त्यानं पाती फळीवर ठेवली आणि हात धुवायला गेला. इतवारीचं नाव काढलं म्हणून राग आला असणार. अजून त्याचंच!

१६ जानेवारी

मशीनवर गलता निघाला.

खडबडीत निघेल म्हणत होतो. नाही निघाला. एकदा पॉलिशकागद फिरवला की झालं. सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत एका अख्ख्या खोलीच्या चौकटी भिंतीला उभ्या. मला त्याला पंधरवडा लागला असता. बापूराव आले, बोट फिरवलं, "वा! देवरावचाच हात!" म्हणाले. मशीनकडे पाहून म्हणाले.

मी छिलपे गोळा केले. खूप निघतात. पोती कमी पडली, सायकलवाल्याकडून आणली.

२१ जानेवारी

आरमोरीचे मास्तर आले, दाराच्या गलत्यासाठी. दर वेळी माझ्याजवळ बसून घाट ठरवतात, सोबत चहा घेतात. आज उभ्यानंच विचारलं, "देवरावभाऊ, मशीन रिकामी कधी होईल?"

मी हरिदासकडे बोट दाखवलं.

२३ जानेवारी

सगळे रंधे काढून पुसले, तेल लावलं, पात्यांना धार लावली. धार होतीच.

हरिदास म्हणाला, "देवा, तू बस जरा." बसून काय करू? उठून फळ्या उचलायला लागलो तर त्या माझ्या हातातून काढून घेतल्या. मशीनला हात लावायचा नाही, फळी उचलायची नाही. मग मी तिथे कशाला जातो?

रुखमा म्हणते, तुम्हीच बोलून पाहा. काय बोलू! सगळं समजलं आहे मला. मी गोल म्हटलं असतं काय, चौकोनी म्हटलं असतं काय, हरिदासला नुसती मशीन पाहिजे होती. इतवारी नको होता आणि मीही नको होतो. इतवारीसाठी त्याला दोन दिवस वाईट तरी वाटलं, माझं तर तेवढंही वाटणार नाही. एवढा माझा सोबती, आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की देवा उद्या काय करेल!

उद्यापासून जाणारच नाही.

२४ जानेवारी

गेलो.

२७ जानेवारी

बाजारात इतवारी भेटला. ब्रह्मपुरीला आहे, तिथे गोल ब्लॉकची मशीन आहे म्हणे. मला ओढूनच चहाला नेलं. "मशीनवर गलता निघून राह्यला का?" त्यानं विचारलं. निघतो, म्हटलं. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हरिदासभाऊनं मले पहिल्याच दिवशी तेच पुसलं होतं. म्हने, इतवारी, जिच्यावर गलता निघतच नाई अशी मशीन कोनती? माह्यं सपाट कराचं काम गेलं तं जाऊ दे, म्हने. म्हून मी गोल सांगितली. तुमाले बोलला नाई का तो?"

"बोलला ना," मी म्हणालो. "बोलला होता."